लायसनच्या नियमांवर हरकती-सूचना कोणी दिल्यात का? पुढं काय झालं, खरं खरं सांगा

मनीषनगरची_मुलगी | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार. दोन वर्षं झाली नुसती वाचून राहिली इथं, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांगा.

माझ्या आईचा सकाळचा पोह्यांचा ठेला आहे, सतरा वर्षं झाली. पहाटे चारला चण्याचा रस्सा चढतो, साडेसहाला पहिली प्लेट जाते आणि साडेदहाला ठेला धुऊन घरी. बाबा गेल्यावर माझं बी. कॉम. आणि भावाचं आयटीआय त्याच ठेल्यावर झालं.

परवा गल्लीतल्या ग्रुपवर एका जाहीर नोटिशीचा फोटो आला. कोणत्या ऑफिसची ते इथं लिहीत नाही, कारण आईला तिथंच जावं लागणार आहे. मोठं करून वाचलं तं कळलं की रस्त्यावर खायचे पदार्थ विकणाऱ्यांच्या परवान्याच्या अटी, जागा आणि फी यांचा मसुदा झालाय, तो ऑफिसात पाहायला ठेवलाय, ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी लेखी हरकती-सूचना द्या. मुदत संपायला आठ दिवस राहिलेत. आईला विचारलं, तुला कोणी सांगितलं का? नाही. शेजारच्या वडापाववाल्या दादांना विचारलं, त्यांनाही नाही. चहावाले काका म्हणाले, असं काही असते हेच आज ऐकलं. आई चौथी शिकलेली, पेपर ती वाचत नाही. ज्यांच्या पोटाचा विषय आहे त्यांच्यापर्यंतच ती नोटीस पोचली नाही, हे मला दोन दिवस झाले सहन होत नाहीये.

तर प्रश्न असा, तुमच्यापैकी कोणी अशी हरकत कधी दिली का? कोणी वाचते का? काय लिहायचं असते? आणि जे ठेलेवाले नाहीत, ज्यांच्या घरासमोर ठेले लागतात, त्यांनीही लिहा, मला तुमची बाजूही ऐकायची आहे.

तर्री_जास्त | सोमवार, रात्री ९.२०

ताई आधी ठेला कुठं आहे ते सांगा, उद्या सकाळी हरकत तिथंच येऊन नोंदवतो, एक प्लेट, तर्री मारके, वरून कांदा-चिवडा 😋 बाकी विषय महत्त्वाचा आहे, वाचून राहिलो.

झिरोमाईल | सोमवार, रात्री ९.४१

कोणी वाचत नाही. आमच्या सोसायटीनं एकदा दिली होती, दुसऱ्या एका विषयावर, पोचपावती आहे अजून, उत्तर नाही. वेळ घालवू नका, सरळ नगरसेवकाला धरा.

बर्डीवाला | सोमवार, रात्री १०.०५

@झिरोमाईल भाऊ, नगरसेवकाला धरा म्हणता, पण मार्च २०२२ मध्ये आपल्या नागपूरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळपास चार वर्षं कोणाला धरणार होते? सगळा कारभार प्रशासकाच्या सहीनं चालू होता. त्या काळात लेखी हरकत हीच एक गोष्ट होती सामान्य माणसाच्या हातात.

माझ्या काकाचा बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रेडिमेड कपड्यांचा ठेला होता, लहानपणी दिवाळीत मी तिथं उभा राहून "ले लो सौ में दो" ओरडलेला माणूस आहे. बर्डीच्या मेन रोडवर फेरीवाले आणि दुकानदार यांचं भांडण किती वर्षांचं आहे ते नागपूरकरांना सांगायला नको, हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत गेलेलं आहे. पण त्या सगळ्यात काकानं एक गोष्ट शिकली आणि मला शिकवली, की फेरीवाल्यांसाठी वेगळा कायदा आहे. पथविक्रेता कायदा, २०१४ चा. त्यात नगर पथविक्रेता समिती असते, आयुक्त तिचे अध्यक्ष, आणि किमान ४० टक्के सदस्य हे फेरीवाल्यांनी मत देऊन निवडून दिलेले पायजेत, त्यातही एक तृतीयांश बाया. म्हणजे ताई तुमच्या आईला तिथं बसायचा, बोलायचा हक्क कायद्यानं दिलाय, नुसतं पेपरातल्या नोटिशीवर विसंबायची गरजच पडायला नको होती. पहिला प्रश्न तुम्ही हाच विचारा, हा मसुदा समितीसमोर ठेवला होता का, कोणत्या तारखेला, आणि फेरीवाल्यांचे प्रतिनिधी काय बोलले.

खामला_काकू | सोमवार, रात्री १०.३८

मी दुसऱ्या बाजूची आहे, तेव्हा थोडं कडू वाटेल पण तू विचारलंस म्हणून लिहिते बेटा.

आमच्या फाटकापासून चौकापर्यंत फूटपाथ आहे, म्हणजे होता. आता सकाळी दोन आणि संध्याकाळी सात ठेले लागतात. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं मागच्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं रोज अर्धा तास चाला. वॉकर घेऊन बाहेर पडलं की फूटपाथवर खुर्च्या, बादल्या, सिलिंडर, मग हे रस्त्यावर उतरतात आणि मागून गाड्या हॉर्न वाजवत येतात. मी हात धरून चालते आणि माझा जीव खाली-वर होतो. रात्री साडेअकरापर्यंत गाड्या थांबलेल्या, एकाचा स्पीकर. सकाळी आमच्या कुंपणात कागदी प्लेटा मीच उचलते.

मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण लायसन देताना आम्हाला कोणी विचारलं का? ती नोटीस जशी तुझ्या आईला कळली नाही तशी आम्हालाही कळली नाही ना. माझी हरकत घ्यायला कोण बसलंय?

तर्री_जास्त | सोमवार, रात्री १०.४४

काकू, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद पायजे, २००० सालापासूनचा नियम आहे, त्यासाठी लायसनच्या नोटिशीची वाटसुद्धा पाहायची गरज नाही. त्या एकाला सांगा न.

खामला_काकू | सोमवार, रात्री १०.५१

सांगितलं रे राजा. तीन दिवस बंद ठेवला, मग परत सुरू.

फाईलवाले_काका | मंगळवार, सकाळी ७.१५

मी ३१ वर्षं एका महानगरपालिकेत नोकरी केली, गावाचं नाव घेत नाही. हरकती-सूचनांचे गठ्ठे मी स्वतः लावलेले आहेत, म्हणून झिरोमाईल यांना नम्रपणे सांगतो की "कोणी वाचत नाही" हे अर्धंच खरं आहे. वाचतात. पण कसं वाचतात ते समजून घ्या.

आलेल्या प्रत्येक अर्जाचा एक तक्ता होतो. अनुक्रमांक, अर्जदाराचं नाव, हरकतीचा थोडक्यात आशय, त्यावर खात्याचा अभिप्राय. "थोडक्यात आशय" हा रकाना आमच्यासारखा कारकून भरतो, दोन ओळींत. तुम्ही चार पानं दुःख लिहिलं तर त्या रकान्यात "अर्जदाराचा विरोध आहे" एवढंच उतरतं आणि अभिप्राय येतो "धोरणात्मक बाब, नोंद घेतली". पण तुम्ही लिहिलंत, "मसुद्यातील अमुक क्रमांकाच्या अटीत सकाळी ८ नंतर विक्रीची परवानगी आहे, आम्ही सकाळी ६ ते १०.३० विक्री करतो, अटीत सकाळी ६ अशी दुरुस्ती करावी", तर कारकुनाला तेच जसंच्या तसं उतरवावं लागतं आणि वरच्या साहेबाला हो किंवा नाही लिहावंच लागतं, आणि नाही लिहिलं तर का नाही तेही.

दुसरी गोष्ट. झेरॉक्स काढून एकच मजकूर दोनशे लोकांनी सह्या करून दिला की तक्त्यात तो एका ओळीत जातो, "एकसारख्या आशयाचे २०० अर्ज". आकडा दिसतो, नाही म्हणत नाही. पण वीस लोकांनी वीस वेगवेगळ्या अडचणी आपापल्या शब्दांत लिहिल्या तर वीस ओळी होतात.

तिसरं, अर्ज टपालपेटीत टाकून येऊ नका. दोन प्रती घेऊन जा, एक द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शेवटी एक वाक्य लिहा, "मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी". आणि निर्णय झाला की माहिती अधिकारात तो तक्ता मागा. २००५ चा कायदा आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या नावासमोर काय अभिप्राय लिहिला ते तेव्हा दिसेल.

गोकुळपेठ_बाजार | मंगळवार, सकाळी ८.०२

काका तुमचा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे 🙏

लेस्टरकर | मंगळवार, दुपारी १.३०

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, बारा वर्षं झाली इंग्लंडमध्ये. इथं रस्त्यावरच्या ठेल्यांचे नियम वेगळे आहेत पण दारूविक्री, रात्री उशिराचं गरम जेवण, गाणं-बजावणं यांच्या परवान्याचं कसं चालतं ते पाहिलंय, उपयोग झाला तर पाहा.

२००३ चा लायसन्सिंग ॲक्ट आहे. कोणाला नवीन परवाना पायजे असेल तर त्यानं स्वतः आपल्या दुकानाच्या दर्शनी भागावर फिक्या निळ्या कागदावर सूचना लावायची, रस्त्यावरून चालणाऱ्याला वाचता आली पायजे अशी, २८ दिवस. वरून स्थानिक पेपरात एकदा जाहिरात. त्या २८ दिवसांत शेजारचा कोणीही लेखी म्हणणं देऊ शकतो, बाजूनं किंवा विरोधात. कौन्सिल नुसतं "आम्हाला आवडत नाही" यावर परवाना नाकारू शकत नाही, चारच मुद्दे चालतात, गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, आणि मुलांचं रक्षण. कोणी हरकत घेतली आणि ती मागे घेतली नाही तर सुनावणी होते, तीन कौन्सिलर समोर बसतात. आणि परवान्यांचं एकंदर धोरण दर पाच वर्षांनी नव्यानं काढावं लागतं, त्याआधी पोलीस, धंदेवाले, रहिवासी यांना विचारणं कायद्यानं बंधनकारक.

आमच्या खाली एक टेकअवे आहे, त्याला पहाटे तीनपर्यंत उघडं ठेवायचं होतं. निळा कागद मी बाळाला फिरवताना वाचला म्हणून मला कळलं. मी लिहिलं की एकपर्यंत ठीक, त्यानंतर आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली लोक ओरडतात. सुनावणीत तो मालक आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो, त्याला दोन वाजेपर्यंत मिळालं आणि बाहेर कचरापेटी ठेवायची अट घातली. आता भेटला की चिप्स जास्त देतो.

झिरोमाईल | मंगळवार, दुपारी २.१०

तिकडचं इकडं काय कामाचं भाऊ. तिकडं एका गल्लीत दोन दुकानं, इथं एका चौकात चाळीस ठेले. प्रत्येकानं निळा कागद लावला तं चौक निळा होईल.

बर्डीवाला | मंगळवार, दुपारी २.२५

@झिरोमाईल होऊ द्या न निळा. मुद्दा कागदाच्या रंगाचा नाही, सूचना त्या जागेवर लागते हा आहे. आपल्याकडं नोटीस पेपराच्या आतल्या पानात आणि मसुदा ऑफिसातल्या कपाटात. तीच नोटीस मोठ्या अक्षरात बुधवार बाजारात, कॉटन मार्केटच्या फाटकावर, बर्डीच्या चौकात लावली, भोंग्याची गाडी फिरवली तं काय बिघडते? कचऱ्याच्या गाडीवर गाणं लावून सगळ्या शहराला सांगता येते, मग हे का नाही?

नागनदी_काठी | मंगळवार, दुपारी ३.४७

मी चाकाच्या खुर्चीवर असते. काकूंचं दुःख माझंही आहे, पण मला एक वेगळं सांगायचंय. माझ्या रस्त्यावर मला अडवते ती ठेल्यांपेक्षा जास्त पार्क केलेल्या मोटारी, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा आणि दुकानदारांनी फूटपाथवर काढलेले उतार-पायऱ्या. ठेलेवाला निदान मला पाहून ठेला सरकवतो. मोटार कोण सरकवणार? म्हणून हरकत लिहिताना "ठेले हटवा" असं लिहू नका, "इतके फूट रुंदीचा सलग रस्ता चालण्यासाठी मोकळा पायजे, आणि कोपऱ्यावरच्या उतारासमोर कोणीही नाही, ठेला नाही, गाडी नाही, पाटी नाही" असं लिहा. मी तरी तसंच लिहिणार आहे. माझ्या खुर्चीला किती जागा लागते ते मोजून लिहिते.

खामला_काकू | मंगळवार, दुपारी ४.३०

@नागनदी_काठी, खरं आहे गं. आमच्या फूटपाथवर समोरच्या बंगल्याच्या दोन मोटारी कायम उभ्या असतात आणि त्यावर मी इथं एक शब्द लिहिला नाही. ठेलेवाल्यांवर बोलणं सोपं पडते.

संत्रा_बर्फी | मंगळवार, संध्याकाळी ५.०८

विषय सोडून एक, सकाळी पोहे की पटोडी रस्सा? कोर्टात जाईल असा वाद आमच्या घरात आहे.

तर्री_जास्त | मंगळवार, संध्याकाळी ५.१०

माझं नाव वाचा न भाऊ, उत्तर त्यातच आहे. पण पटोडी रस्सा रविवारी.

गोकुळपेठ_बाजार | मंगळवार, संध्याकाळी ५.२२

पोटभर वाद झाला की परत मुद्द्यावर या 🙂

काळा_कोट | मंगळवार, रात्री ८.५०

वकिली करतो, थोडं कायद्याचं सांगतो, बर्डीवाला यांनी सुरुवात चांगली केली आहे.

रस्त्यावर धंदा करणं हा उपकार म्हणून दिलेला नाही. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की फूटपाथवर व्यापार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९(१)(जी) मध्ये येतो, फक्त त्यावर वाजवी नियम घालता येतात. वाजवी म्हणजे काय हे ठरवायचं भांडण नंतर पंचवीस वर्षं चाललं आणि शेवटी २०१४ चा कायदा आला.

त्यात ताईंच्या कामाचं असं आहे. दर पाच वर्षांत निदान एकदा सगळ्या फेरीवाल्यांचं सर्वेक्षण झालं पायजे, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायचं, आणि सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं वाटेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. पहिल्या अनुसूचीत आणखी महत्त्वाचं आहे, ते फार थोडे लोक वाचतात. चालू बाजार किंवा सर्वेक्षणात ओळखलेला नैसर्गिक बाजार हा ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. गर्दी होते एवढ्या कारणावरून करता येत नाही. अस्वच्छतेच्या कारणावरून करायचं तर ती घाण निव्वळ फेरीवाल्यांमुळंच होते आणि पालिकेनं नीट काम करूनही ती हटत नाही, असं दिसावं लागतं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार किंवा सदरचा मंगळवारी बाजार हे नावानंच सांगतात की ते कोणाच्या परवानगीनं सुरू झालेले नाहीत, लोक आणि विकणारे जमत गेले आणि वाराचं नाव पडलं. कायद्यातला "नैसर्गिक बाजार" म्हणजे नेमकं हेच.

पण काकूंच्या बाजूचंही त्याच कायद्यात आहे. क्षेत्रं तीन प्रकारची सांगितली आहेत, निर्बंधमुक्त, निर्बंध असलेलं, आणि ना-फेरीवाला. मधल्या प्रकारात वेळ, वार, संख्या यांची बंधनं घालता येतात. सगळी भांडणं पहिल्या आणि तिसऱ्यावर होतात, सुटतात मात्र मधल्यावर.

एक गैरसमज पण काढतो. बरेच ठेलेवाले म्हणतात आमच्याकडं स्वनिधीचं कार्ड आहे, २०२० मध्ये १०,००० चं कर्ज मिळालं, आता आम्हाला कोण उठवणार. ती कर्जाची योजना आहे, जागेचं प्रमाणपत्र वेगळं. खाद्यपदार्थांची नोंदणी तिसरी गोष्ट, ती अन्न सुरक्षेची. ताई, आईजवळ या तिन्हींतलं काय काय आहे ते आधी एका फायलीत लावा.

वर्ध्याचा_वांड्या | मंगळवार, रात्री ९.३३

वकीलसाहेब, कागदावर सगळं आहे हो. माझ्या मामाचा फळांचा ठेला एका शहरात (नागपूर नाही) गाडी आली आन् उचलून नेला. मोसंब्या रस्त्यावर सांडल्या, मामा एकेक गोळा करून राहिला अन् पोरं फोटो काढून राहिली. मामानं काही दिवस दाढी केली नाही, ठेल्यापाशी गेला नाही, घरी बसला. पैशाचं नुकसान भरून निघते, ते फोटो नाही निघत डोक्यातून. त्याला कोणी सांगितलंच नाही की पावती मागायची असते.

काळा_कोट | मंगळवार, रात्री ९.५८

@वर्ध्याचा_वांड्या वाचून वाईट वाटलं भाऊ. जे मामांना कोणी सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाच्या मामाला उपयोगी पडेल. हटवायचं असेल तर आधी ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर जागेवर यादी करून त्याची प्रत द्यायची. नाशवंत माल, म्हणजे फळं, भाजी, शिजवलेलं, मागणी केली त्याच दिवशी परत. टिकणारा माल दोन कामाच्या दिवसांत. कलम १८ आणि १९. ठेल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

मनीषनगरची_मुलगी | बुधवार, रात्री १०.१७

सगळ्यांचे किती आभार मानू. आज अर्धी सुट्टी टाकून आईला घेऊन मसुदा पाहायला गेले. पहिल्यांदा "साहेब नाहीत, उद्या या" झालं. मी फाईलवाले काकांचा प्रतिसाद आठवून धीर केला आणि म्हटलं, मसुदा पाहायला ठेवलाय असं नोटिशीत लिहिलंय, साहेब कशाला पायजेत, मला नुसतं वाचायचं आहे. मग एका ताईंनी कपाटातून काढून दिला आणि बसायला खुर्ची पण दिली. सात पानं आहेत. मी मोठ्यानं वाचत गेले आणि आई ऐकत गेली.

मला वाटलं होतं आई घाबरेल. पण तिनं तिथंच बसून चार गोष्टी सांगितल्या ज्या मला सुचल्या नसत्या. एक, फी वर्षाची एकदम घेतात ती पावसाळ्यात जड जाते, धंदा अर्धा होतो, तर तिमाही घ्या किंवा जून ते सप्टेंबर कमी घ्या. दोन, एकच जागा दिवसभर एकालाच कशाला, मी साडेदहाला उठते, मग तिथं संध्याकाळी पाणीपुरीवाली बसू शकते, एका जागेवर दोन घरं चालतील. तीन, जिथं बसवणार तिथं बायांसाठी संडास किती दूर आहे ते आधी पाहा. पहाटे चारपासून साडेदहापर्यंत ती पाणी पीत नाही. सतरा वर्षं. मला आज कळलं. मी तिच्याच ठेल्यावर लहानाची मोठी झाले आणि मला हे आज, एका सरकारी खुर्चीवर बसून कळलं.

चौथी गोष्ट म्हणजे तिनं म्हटलं, समोरच्या घरच्यांना त्रास होतो हे बरोबर आहे, ठेल्याजवळ कचऱ्याचा डबा ठेवणं आणि जाताना जागा धुणं ही अटच घाला, मी तसंही करते.

वेळेची अट खरंच सकाळी ८ पासून आहे. काकांनी उदाहरण म्हणून लिहिलं होतं ते तसंच निघालं.

फाईलवाले_काका | बुधवार, रात्री १०.४०

तुमच्या आईंनी सांगितलेल्या चार गोष्टी चार स्वतंत्र परिच्छेदांत लिहा, प्रत्येकाला अट क्रमांक द्या. संडासाचा मुद्दा अटींत बसत नसेल तर "जागा निश्चित करताना विचारात घ्यावयाच्या बाबी" असं शीर्षक देऊन लिहा. तो मुद्दा नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या एकाही तक्त्यात आला नाही. खरं तर पहिल्या दिवसापासून यायला पायजे होता.

पाणीपुरी_सदर | बुधवार, रात्री ११.०२

मी ठेला लावते. पाणी न पिण्याचं सगळ्या बायांचं असंच आहे. आम्ही एका दवाखान्याच्या आयाबाईला सांगून ठेवलं आहे, ती जाऊ देते. ती सुट्टीवर असली की आम्ही पण उपाशी-तहानेल्या. माझी पण हरकत लिहून द्या कोणी, मला फोनवर टाइप करायला वेळ लागतो.

नागनदी_काठी | बुधवार, रात्री ११.१०

@पाणीपुरी_सदर मी लिहून देते. निरोप टाकते तुम्हाला.

झिरोमाईल | गुरुवार, सकाळी ९.३०

चांगलं करून राहिले तुम्ही सगळे, पण माझं मत बदललं नाही. शेवटी निर्णय आधीच झालेला असतो आणि हरकती नुसत्या रीत म्हणून मागवतात. आमच्या वेळेस सुनावणीला अकरा लोक गेलो होतो, प्रत्येकाला दोन मिनिटं, ज्यांच्यासमोर बोलायचं ते फोनवर. असं झालं तर मन खट्टू करून घेऊ नका एवढंच म्हणतो.

बर्डीवाला | गुरुवार, सकाळी ९.५५

@झिरोमाईल समजू शकतो भाऊ. पण पुढं कोर्टात जायची वेळ आली तर पहिला प्रश्न येतो, तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का. नसेल घेतली तं आपणच गप्प बसलो असं धरतात. काकाच्या वेळी शिक्का मारलेला तो एक कागद फार कामी आला.

खामला_काकू | शनिवार, दुपारी १२.१५

मी पण दिली काल. यांनी लिहिली, मी सही केली. फूटपाथवर चालायला सलग मोकळी जागा, रात्री साडेदहानंतर खाण्याचे ठेले बंद, स्पीकर नाही, डबा पायजे. मोटारींचं पण लिहिलं. सकाळच्या ठेल्यांना विरोध नाही असं मुद्दाम लिहिलं. साडेदहाच्या वेळेवर माझं ठाम आहे हं, त्यावर तुमच्यातल्या कोणाचं पटणार नाही, माहीत आहे.

पाणीपुरी_सदर | शनिवार, दुपारी १२.४०

काकू उन्हाळ्यात गिऱ्हाईकच साडेनवाला बाहेर पडते. मे महिन्यात ४५ डिग्रीत संध्याकाळी सातला कोण येते खायला? साडेअकरा करा न.

खामला_काकू | शनिवार, दुपारी १.०५

उन्हाळ्यापुरतं अकरा. त्याच्यापुढं नाही.

मनीषनगरची_मुलगी | सोमवार, संध्याकाळी ६.५०

दिली. एकूण चौदा अर्ज गेले आमच्या चौकातून, सगळे वेगवेगळ्या मजकुराचे, काकांनी सांगितलं तसे. वडापाववाल्या दादांनी स्वतःच्या हातानं लिहिला, दीड पान. आईनं सही केली, तिची सही मोठ्ठी आहे, शिक्का मारणाऱ्या ताई म्हणाल्या थोडी वर करा, शिक्क्याला जागा ठेवा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आहे, आईनं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागं ठेवली. समितीसमोर मसुदा कधी ठेवला त्याचा माहिती अधिकाराचा अर्ज पण सोबत दिला.

सुनावणीची तारीख अजून नाही, कळवू म्हणालेत. एक विचारायचं होतं, सुनावणी सकाळी नऊ-दहाला ठेवली तर आईला ठेला बंद ठेवावा लागेल आणि चणे तं आदल्या रात्रीच भिजवलेले असतात. दुपारची वेळ मागता येते का?

फाईलवाले_काका | सोमवार, संध्याकाळी ७.०५

येते. आजच एका ओळीचं पत्र द्या, आवक क्रमांकाचा उल्लेख करून. "आम्ही सकाळी ६ ते १०.३० व्यवसाय करतो, सुनावणी दुपारी १२ नंतर ठेवावी." चौदाही जणांच्या सह्या घ्या त्यावर, इथं मात्र एकच मजकूर चालेल.

नागनदी_काठी | सोमवार, संध्याकाळी ७.२०

आणि खालच्या मजल्यावर ठेवा म्हणावं, नाहीतर मला वर येता येणार नाही. तेवढी एक ओळ टाक माझ्यासाठी.

मनीषनगरची_मुलगी | सोमवार, संध्याकाळी ७.२८

टाकते. पहिली ओळ तीच लिहिते.